तीस दिवसांनी आपोआप

फोनमध्ये आधीपासून एक बाई होती.
"आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता..."
इतकं धुतलेलं मराठी, की आख्ख्या तारळ्यात
तिचं वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही.
मध्येच सुरू व्हायचे,
"ओ वायरमन, लाईट गेलीया!"

साहेब म्हणाले, मुलाणी,
त्या बाईला काढा, स्वतःच्या आवाजात काहीतरी भरा.
लोकांना वाटलं पाहिजे, ऐकतंय कुणीतरी.

म्हणून आज परमिट मिळेपर्यंत
खांबाच्या बुडाशी दोराच्या वेटोळ्यावर बसून
एका सेटिंगमधून दुसऱ्या सेटिंगमध्ये उतरतेय.
हातमोजा काढल्याशिवाय पडदा मला ओळखत नाही.

पहिल्यांदा म्हटलं,
नमस्कार, मी आस्मा मुलाणी, विद्युत सहायक.
ऐकलं. प्रतिज्ञा म्हणायला
सगळ्या शाळेपुढं उभी केल्यासारखी.
पुसलं.

दुसऱ्यांदा, वायरमन बोलतेय.
'मन'पाशी काही झालं नाही, 'तेय'पाशी हसू आलं.
गावानं हे व्याकरण कधीच पचवलंय,
मलाच ते असं बाहेरून ऐकायची सवय नव्हती.
हसूही भरलं गेलं.
पुसलं.

तिसऱ्यांदा सडावाघापूरच्या पठारावरून वारा उतरला
आणि सगळा निरोप त्यानंच भरून टाकला,
माझं अक्षर नाही एक.
घटकाभर वाटलं, हाच ठेवावा.

खाली विचारलंय, किती वेळ वाजू द्यायचं?
पाच सेकंद, पंधरा, तीस.
पट्टा सोडून खांब उतरायला
मला चार मिनिटं लागतात.
चार मिनिटांचा पर्याय नाही.
तीस केलं.

मग ते एकतीस निरोप.
"पठारावर पवनचक्क्या रातभर फिरत्यात,
आन् आमच्या घरात अंधार? ह्यो कुठला न्याय?"
"म्याडम, मोटर जळली तर भरून कोण देणार?"
"पोरीची परीक्षा हाय ओ."
एक नुसता श्वास, चौदा सेकंद, मागं कुत्रं.
एकानं दिलेली शिवी अर्धीच राहिलीय,
बहुतेक तेवढ्यात लाईट आली.

लाईट आली, हे सांगायला
कुणी फोन करत नाही.
करायचं कारणही नाही.
नळाला पाणी आलं की आपण तरी कुणाला कळवतो?

फक्त सव्विसावा.
गिरणीवाल्या अंजिराकाकू.
"आली गं. पट्टा फिराय लागला. ठिवते."
पण ठेवायचा कसा ते त्यांना आठवलेलं नाही.
पुढं नुसती गिरणी चालते,
ज्वारी खाली पडते, कुणीतरी डबा आपटतं,
काकू ओरडतात, "बारीक का जाडं?"
आणि दोन मिनिटं पुरी झाल्यावर यंत्रच तोडतं.

त्या रात्री मी डीपीपाशी होते,
खिशात टॉर्च, तोंडात टॉर्च,
दातांना पत्र्याची चव.
घरी येऊन हा निरोप ऐकला
आणि जेवले.

जुने निरोप आपोआप पुसा : तीस दिवसांनी.
पुढचं बटण हिरवं, चालू.
कुणी चालू केलं होतं?
मी नाही. आज एकोणतिसावा दिवस.
बटण डावीकडं सारलं. विचारलं, नक्की?
सारलं. जागा भरेल म्हणाला.
भरू दे.

चौथ्यांदा बोलले, न थांबता :
"आस्मा बोलतेय. फोन उचलला नाही
तर समजा मी वर आहे, काम चालू आहे.
उचलला तर अजून खालीच बसलेय, मग रागवा.
गावाचं नाव आणि खांबाचा नंबर सांगा.
लाईट आली तर तेही सांगा."
शेवटचं वाक्य ठरवलं नव्हतं.
परत ऐकलं नाही, जतन करून टाकलं.

सबस्टेशनचा फोन. लाईन बंद, परमिट घ्या.
साखळी अडकवली, अर्थिंग केलं,
फोन खाली पिशवीत, पट्टा कमरेला.

निम्म्या खांबावर असताना खाली वाजायला लागला.
एक हात वर, एक पाय वर, मोजत गेले.
अठ्ठावीस, एकोणतीस.
थांबला.

जंपर तुटलाय. दिसला.